वॅटचा आकडा हेही मापच आहे

होम थिएटरचे स्पीकर विकणारे दुकानदार, स्पीकरचे खोके बनवणारे सुतार, जळालेली कॉइल नि फाटलेला कोन बदलून देणारे कारागीर आणि घरोघर जाऊन वायर ओढून देणारे फिटर, या सर्वांत आमच्या समाजाचे अनेक बांधव आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असो, पुण्याची बुधवार पेठ असो की तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरचे एका गाळ्याचे दुकान असो, या धंद्यावर कित्येक घरांची चूल पेटते. म्हणूनच या धंद्यात रुजलेल्या एका खोडीबद्दल आम्हाला आज स्पष्ट लिहावयाचे आहे.

ही खोड आहे वॅटच्या आकड्याची. खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत '५००० वॅट' छापलेले असते. त्याच्या शेजारी, चष्मा लावल्याशिवाय दिसू नये अशा बेताने, 'पीएमपीओ' ही चार अक्षरे असतात. काही ठिकाणी आता ती अक्षरे जाऊन 'पीक' किंवा 'मॅक्स' असे शब्द आले आहेत, प्रकार तोच. गिऱ्हाईक बिचारे एवढेच विचारते की, याच किमतीत जास्त वॅटचा कोणता? आणि दुकानदार मोठा आकडा असलेला खोका पुढे सरकवतो. सौदा पाच मिनिटांत होतो, दोघेही खूश.

आमचे म्हणणे असे की किलो, मीटर आणि लिटर ही जशी मापे आहेत तसेच वॅट हेही मापच आहे. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारा आणि साठ वॅटचा माल पाच हजार वॅट म्हणून खपवणारा, यांच्यात आम्हाला काही फरक दिसत नाही. पवित्र कुरआनात मापात मारणाऱ्यांविषयी एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घ्यावयाचे आणि देताना कमी द्यावयाचे, अशी वृत्ती असलेल्यांना तिच्या आरंभीच इशारा दिलेला आहे. तेथे धान्य म्हटलेले नाही, कापड म्हटलेले नाही. माप म्हटले आहे.

पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. अँप्लिफायर एका क्षणाच्या लहानशा अंशापुरता, आवाज कितीही फाटला तरी चालेल अशा अवस्थेत, जास्तीत जास्त किती जोर दाखवू शकेल याचा तो कागदावरचा अंदाज. तो कसा काढावा याचे कोणतेही मान्य प्रमाण नाही. एकाने वीसपट धरावा, दुसऱ्याने पन्नासपट. जाब विचारणारे कोणी नाही. याउलट 'आरएमएस' या नावाने जो आकडा दिला जातो तो अँप्लिफायर सतत, न तापता, न फाटता किती शक्ती देऊ शकतो हे सांगतो. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने विचारात घ्यावयाचा आकडा हाच.

हे पडताळण्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. आपल्या घरातील साध्या प्लगची क्षमता सहा अँपिअरची असते. विजेचा दाब २३० व्होल्ट. दोहोंचा गुणाकार १३८० वॅट. पाच हजार वॅट सतत काढावयाचे तर एकवीस अँपिअरहून अधिक प्रवाह लागेल; तो साधा प्लग काळा पडून वितळेल. आता तोच खोका उलटा करून पाठीमागची पट्टी वाचा. तेथे किती वीज लागते ते लिहिलेले असते. अनेकदा साठ, ऐंशी, शंभर वॅट. अडाप्टरवर चालणारा संच असेल तर काम आणखी सोपे: १२ व्होल्ट, ५ अँपिअर असे लिहिले असेल तर गुणाकार साठ. साठ वॅट आत घेणारे यंत्र साठाहून अधिक सतत बाहेर देऊ शकत नाही. त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो; जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये जवळजवळ निम्मा, नव्या क्लास-डी पद्धतीत दहा-पंधरा टक्के. मोठ्या रिसीव्हरच्या पट्टीवरील आकडा साधारण वापराचा असतो, त्यामुळे तेथे थोडे इकडेतिकडे होऊ शकते, हे आम्हाला मान्य आहे. पण थोडे इकडेतिकडे होणे वेगळे आणि साठाचे पाच हजार होणे वेगळे.

अमेरिकेत हाच गोंधळ माजला होता. तेथे १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अँप्लिफायरची शक्ती कशी मोजून जाहीर करावी याचा नियमच केला आणि २०२४ साली तो नव्या यंत्रांना लागू पडेल असा सुधारला. इस्लामी शहरांत बाजारावर मुहतसिब नेमलेला असे. वजने-मापे तपासणे हे त्याचे रोजचे काम. आमच्या गल्लीत मुहतसिब नाही. मात्र पाठीमागची पट्टी आहे आणि ती वाचता येणारा दुकानदार आहे.

या मुद्द्यावर दुकानदार बांधवांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, "आकडा आम्ही छापला नाही, कंपनीने छापला. आम्ही बंद खोका घेतो, बंद खोका देतो." उत्तर वरवर बिनतोड वाटते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील बाजाराची ती प्रसिद्ध हकीकत आठवावी. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. पाऊस काही त्या व्यापाऱ्याने पाडला नव्हता. तरीही त्याला विचारले गेले की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले गेले. म्हणजे दोष कोणी निर्माण केला हा प्रश्नच नव्हता. माहीत असलेला दोष झाकला का, हा होता. खोक्यावरचा आकडा कंपनीचा पाऊस आहे, हे आम्ही मान्य करतो. ओल मात्र आपल्या राशीत आहे.

येथे आणखी एका आक्षेपाचा उल्लेख केला पाहिजे. स्पीकरचा धंदा म्हणजे गाण्याबजावण्याचा धंदा, असे म्हणून काही जण नाक मुरडतात. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे; या पानावर आम्ही फतवे देत नाही. आम्हाला एवढेच दिसते की, त्याच कोनातून बातम्या येतात, बयान येते, मुलांचा अभ्यास येतो आणि नको ते सुद्धा येते. कोण काय लावतो हे घरधन्याकडे. खोक्यावर काय लिहिले आहे हे दुकानदाराकडे.

बरे, वॅट बाजूला ठेवले तर गिऱ्हाइकाला सांगावयाचे काय? सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि तेच धंद्याचे खरे भांडवल होय.

पहिली गोष्ट स्पीकरच्या संवेदनशीलतेची. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, हा आकडा चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक. एक स्पीकर ८५ डेसिबलचा आणि दुसरा ९१ डेसिबलचा असेल तर पहिल्याला शंभर वॅट देऊन जेवढा आवाज निघेल तेवढा दुसऱ्याला पंचवीस वॅटमध्ये निघतो. आणि दहा बाय बाराच्या खोलीत, आठ-नऊ फुटांवर बसून, नेहमीच्या आवाजात बातम्या ऐकताना स्पीकरला लागतात किती वॅट? एखाद-दुसरा, पुष्कळदा त्याहूनही कमी. उरलेली शक्ती अचानक येणाऱ्या धडाक्यांसाठी राखीव असते. काउंटरवरच्या मुलाने एवढी एक गोष्ट पाठ केली तरी मोठ्या आकड्याची भूल अर्धी उतरेल.

दुसरी गोष्ट गिऱ्हाईक काय पाहते याची. ५.१ म्हणजे समोर डावा, मधला आणि उजवा, बाजूला दोन, आणि केवळ खालच्या सुरांसाठी एक वेगळा मार्ग, ज्याला बाजारात वूफर म्हणतात. चित्रपटगृहात ही डिजिटल पद्धत आधी आली आणि तेथून ती घरात उतरली. पण सहा मार्गांचा आवाज आधी आत यावा लागतो, तेव्हा तो सहा मार्गांनी बाहेर पडतो. ज्याच्या घरी फ्री डिश आहे किंवा जो मोबाईल जोडून यूट्यूब पाहतो त्याला बहुतांशी दोनच मार्गांचा आवाज मिळतो. त्याला पाच पोकळ डबे विकण्यापेक्षा त्याच पैशात दोन चांगले स्पीकर विकावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे-मागे पैसे आले तर तो मधला घेईल, वूफर घेईल, आणि ते घेण्यासाठी तो तुमच्याकडेच येईल. स्वस्त पाच-नगी संच घेतलेला मनुष्य मात्र दोन वर्षांनी तो भंगारवाल्याला देतो आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. लहान खोलीसाठी पाच सामान्य स्पीकरांपेक्षा दोन उत्तम स्पीकर बरे, हे दुकानदाराच्या तोंडून ऐकताना गिऱ्हाइकाला नवल वाटते. वाटू द्यावे.

खरा मामला यानंतर सुरू होतो, तो म्हणजे स्पीकर बसवण्याचा. ऑनलाइन कंपन्यांनी भाव पाडला, गिऱ्हाईक आमच्या दुकानात माल पाहते आणि बाहेर जाऊन मोबाईलवर मागवते, ही तक्रार आम्ही सतत ऐकतो. तक्रार खरी आहे. तथापि ऑनलाइन आलेला खोका दारात ठेवून पोऱ्या निघून जातो. तो खोका कोठे ठेवावा, किती उंचीवर, भिंतीपासून किती अंतरावर, हे कोणी सांगत नाही. आणि चुकीच्या जागी ठेवलेला महाग स्पीकर योग्य जागी ठेवलेल्या स्वस्त स्पीकरपुढे हार खातो. आमच्या फिटरांना हे ज्ञान असेल तर त्यांचा भाव पाडण्याची ताकद कोणत्याही गोदामात नाही.

समोरचे दोन स्पीकर आणि बसणारा मनुष्य यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर असतील तर बसण्याची जागाही दोन्हींपासून सातेक फुटांवर हवी. वरचा लहान स्पीकर, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत यावा. पुस्तकी आकडे सोफ्यावर बसणाऱ्यांचे, तीन फुटांच्या वरचे असतात. आमच्या कित्येक घरांत लोक खाली गादी-तक्क्यावर बसतात. तेथे कान अडीच फुटांच्या आसपास येतो. तयार स्टँड तेथे उंच पडतो. सुताराने त्या घरासाठी वेगळा, ठेंगणा स्टँड बनवून द्यावा. चारशे रुपयांच्या लाकडाने चार हजारांचा फरक पडतो, अशी ही जागा आहे.

मधला स्पीकर संवादांचा. सिनेमातील बोलणे ऐकू येत नाही आणि मारामारी सुरू झाली की खिडक्या हादरतात, ही तक्रार घेऊन येणाऱ्याचा मधला स्पीकर बहुधा टीव्हीखालच्या कपाटात आतपर्यंत ढकललेला असतो, क्वचित काचेच्या दाराआड. तो कपाटाच्या कडेपर्यंत पुढे ओढावा आणि तोंड किंचित वर, बसणाऱ्याकडे करावे. शोकेस बनवणाऱ्या मिस्त्रींना आमची विनंती की, स्पीकरसाठी कप्पा काढलात तर त्याला काच लावू नका, मालकीणबाईंनी कितीही आग्रह धरला तरी.

बाजूचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही हातांना, किंचित मागे आणि कानापेक्षा फूट-दोन फूट वर. लहान घरात सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. अशा वेळी फिटर हे स्पीकर मागच्या भिंतीवर थेट डोक्यामागे ठोकून मोकळे होतात. त्यापेक्षा बाजूच्या भिंतींवर लावले तर बरे. एका बाजूला दार असेल तर काय? दाराच्या चौकटीच्या वर लावावा आणि तोंड खाली वळवावे. पुस्तकातील कोन जमला नाही म्हणून काही बिघडत नाही. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असते आणि आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट चालतो, त्या हिशेबाने यंत्र जवळच्या स्पीकरला थोडे थांबवते. मात्र ते अंतर टेपने मोजून भरावे. डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे.

वूफर कोपऱ्यात ठेवला की घुमतो. काहींना ते घुमणेच आवडते. पण बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंती स्वतःच वाढवतात. त्यात कोपऱ्याची भर पडली की एकच सूर सारखा गुणगुणत राहतो आणि बाकीचे बुडतात. याला एक जुनी आणि अचूक युक्ती आहे. वूफर बसण्याच्या जागी, अगदी सोफ्यावर ठेवावा, जाड आवाजाचे काही लावावे आणि फिटरने खोलीत भिंतीकडेने ओणवे होऊन फिरावे. जेथे आवाज सर्वांत स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल तेथे वूफर ठेवावा. घरातील मुले हसतात, हसू द्यावीत. त्या दहा मिनिटांचे पैसे गिऱ्हाईक आनंदाने देते, कारण फरक त्याला स्वतःच्या कानांनी कळतो. वूफर आणि इतर स्पीकर यांची वाटणी ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. समोरचे स्पीकर फार लहान असतील तर थोडी वर न्यावी.

फरशी टाइल्सची, भिंती कोऱ्या आणि पडदे नाहीत अशा खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे धातूसारखी थरथर ऐकू आली तर कोणताही स्पीकर तेथे नीट बोलणार नाही. गालिचा किंवा जाड सतरंजी, खिडकीला पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्याने पुष्कळ काम होते. अशा खोलीत गिऱ्हाइकाला महाग स्पीकर देण्याऐवजी आधी सतरंजी सुचवणारा दुकानदार आम्हाला पाहावयास आवडेल.

आता वायर. येथेही मापाचाच प्रश्न आहे. तांब्याची म्हणून विकली जाणारी बरीचशी स्पीकर वायर आतून अल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. ती विकणे हा गुन्हा नाही. तांब्याची म्हणून विकणे हा आहे. अशी वायर तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच वीज वाहून नेते. ओळख सोपी: ब्लेडने एक तार खरवडावी, आत पांढरी निघाली की कळले. घेताना बंडलाचे वजनही हातात जाणवते. आमच्या बाजारात २३/७६, ४०/७६ अशी नावे चालतात. पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा तारेची जाडी, इंचाच्या दहा-हजारांश भागांत. ४०/७६ म्हणजे जवळजवळ सव्वा चौरस मिलिमीटर. घरातील वीस-पंचवीस फुटांसाठी ती पुरते. अस्सल तांब्याची ही साधी वायर असताना शोभेच्या जाडजूड 'स्पेशल' वायरला दसपट पैसे मोजण्याची गरज नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. फायदा थोडा कमी होईल.

जोडणीत लाल-काळा उलटा झाला तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि जाड आवाज नाहीसा होतो. यंत्र बिघडले म्हणून परत आणलेल्या संचांत हा दोष वारंवार निघतो. वूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक लाल बाजूस असेल तर कोन बाहेर उडी घेतो. ट्विटरवर हा प्रयोग करू नये, तो नाजूक असतो.

रिकोनिंग करणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. समुद्रकाठच्या दमट हवेत कोनाभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन झडते. रबराची कड तुलनेने टिकते. नवी कड कशाची बसवली हे गिऱ्हाइकाला सांगून बसवावी. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा ते सात ओहम दाखवतो. साडेतीन दाखवत असेल तर कोणीतरी चार ओहमची कॉइल घालून दिलेली आहे, आणि उद्या अँप्लिफायर जळाला तर गिऱ्हाईक नशिबाला दोष देईल. जुनी कॉइल गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावी. काम केल्याचा तो पुरावा आहे आणि न केलेल्या कामाचे पैसे घेण्याचा मोहही त्याने राहत नाही.

खोके बनवणाऱ्यांना मात्र या धंद्यात सर्वांत मोठी संधी आहे असे आम्हाला वाटते, आणि सर्वांत कमी मान त्यांनाच मिळतो. स्वस्त संचाचा खोका पातळ पार्टिकल बोर्डाचा. कोकणातील एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. अठरा मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लाय, सांध्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही, आतून सिलिकॉन, मोठ्या बाजूंना आधाराची पट्टी, एवढे केले तर खोका स्वतः वाजत नाही, फक्त स्पीकर वाजतो. आतले माप मात्र डोळ्यांनी ठरवू नये. स्पीकरच्या पत्रकात किती लिटरचा खोका हवा ते दिलेले असते. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर निघतात, त्यातून मॅग्नेटची आणि पट्टीची जागा वजा करावी. बंद खोका हवाबंद झाला की नाही हे पाहण्यासाठी कोन बोटांनी हलकेच दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर ठीक. झटकन परतला तर कोठेतरी फट आहे. आणि ज्या टॉवरवर चार गोल दिसतात आणि वाजतात दोनच, बाकीचे दोन नुसती झाकणे, असे काम कोणी कितीही ऑर्डर दिली तरी हाती घेऊ नये.

पुढचा मुद्दा परत घेण्याचा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अजूनही अनेक दुकानांत लटकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि तशी मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणेही तसेच. पण कायद्याच्या पुढे जाऊन आमच्या फिक्हमध्ये एक सुंदर तरतूद आहे आणि व्यापारी ती विसरले आहेत. सौदा करताना परत करण्याचा अधिकार राखून ठेवण्याची मुभा, म्हणजे खियार-ए-शर्त. इमाम अबू हनीफा यांनी आणि शाफई मझहबानेही ही मुदत तीन दिवसांपर्यंत मानली आहे. म्हणजे देशावरच्या हनफी दुकानदाराला आणि कोकणातल्या शाफई दुकानदाराला, दोघांनाही ती सारखीच जवळची.

स्पीकरला ही तरतूद जणू मोजून शिवल्यासारखी बसते. दुकानात ऐकलेला आवाज आणि घरात ऐकू येणारा आवाज एक नसतो, कारण खोली बदलते.  तीन दिवस घरी ऐका, पसंत नसेल तर खोक्यासह परत आणा, असे बिलावर लिहून देणाऱ्याकडे किती माल परत येईल? ज्याने आधी खोली पाहिली, आकडा खरा सांगितला आणि बसवण्याचे काम नीट केले, त्याच्याकडे फार नाही. ज्याने पाच हजार वॅट सांगून विकले त्याच्याकडे बराच येईल, आणि म्हणूनच तो ही मुभा देणार नाही. ओरखडा पडलेला माल परत आला तर काय, असा प्रश्न कोणी विचारील. ती अटही त्याच बिलावर लिहावी.

त्या बिलावर वॅट आरएमएसमध्ये, ओहम, वायर तांब्याची की मुलाम्याची आणि बसवण्याची मजुरी वेगळी, असे सारे उतरावे. मजुरी मालाच्या किमतीत लपवली की गिऱ्हाईक ऑनलाइन भावाशी तुलना करते आणि आपण महाग ठरतो. वेगळी लिहिली की त्याला कळते, माल जवळपास त्याच भावाचा आहे, पैसे हुनराचे आहेत. हुनराचे पैसे मागताना आमचे कारागीर उगाच संकोचतात.

बसवणे संपल्यावर एक काम उरते आणि ते कोणी करत नाही. चाळीत आणि फ्लॅटमध्ये वूफरचा आवाज भिंतीतून जातो. बोलणे अडते, घुमणे अडत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आमच्या धर्मात किती ताकीद आहे हे वाचकांना सांगावयास नको. वूफरखाली जाड रबराचा तुकडा द्यावा आणि तो सामाईक भिंतीला टेकवू नये. मग फिटरने गिऱ्हाइकाला नेहमीच्या आवाजात काहीतरी लावावयास सांगावे, स्वतः शेजारचे दार ठोठवावे आणि परवानगी घेऊन त्यांच्या खोलीत मिनिटभर उभे राहावे. तेथे ऐकू आले तर परत येऊन वूफर थोडा कमी करावा, पुन्हा जाऊन ऐकावे, आणि जेथे तेथले ऐकू येणे थांबेल तेथे आवाजाच्या खुंटीशेजारी पेनाने बारीक रेघ मारून घरधन्याला दाखवावी की, रात्री दहानंतर हिच्या पुढे नको.